तुझे तास तूच मोज

सेटची पात्रता परीक्षा पास झालीस तेव्हा केवढ्या आनंदाने फोन केला होतास! आणि परवा, "ताई, लागले गं, पण सीएचबीवर," हे सांगताना आवाज इतका खाली का गेला? जणू काहीतरी चूक करून आली आहेस. तुझा तो 'पण' दोन दिवस माझ्या मनातून गेलेला नाही, कारण अकरा वर्षं मीही तोच 'पण' जोडून स्वतःची ओळख करून देते आहे. लग्नकार्यात कुणी विचारलं तर म्हणते, प्राध्यापक आहे, पण तासिका तत्त्वावर. समोरच्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "मग परमनंट कधी होणार?" त्याचं उत्तर आपल्या हातात नसतं, तरी मान आपलीच खाली जाते.

सोमवारी तू रुजू होशील. फोनवर सगळं बोलता आलं नाही, म्हणून निवांत लिहायला बसले. नोकरी घेऊ नकोस असं मी म्हणणार नाही. वर्गात शिरल्यावर काय वाटतं ते मला माहीत आहे, आणि तुला ते एकदा तरी अनुभवायला मिळावं असं मनापासून वाटतं. पण जाताना डोळे उघडे ठेवून जा.

आधी हिशेब. मी अर्थशास्त्र शिकवते, आणि तरीही पहिली दोन वर्षं मी स्वतःचाच हिशेब मांडला नव्हता. सीएचबी म्हणजे क्लॉक अवर बेसिस, घड्याळी तासाप्रमाणे मानधन. आता आपल्याकडच्या बहुतेक महाविद्यालयांत तास किती मिनिटांचा असतो? अठ्ठेचाळीस. म्हणजे पाच तास शिकवलंस की घड्याळाचे चार तास भरतात. काही ठिकाणी एक तासिका म्हणजे एक तास असं धरतात, काही ठिकाणी मिनिटं जोडून बिल काढतात. तुझ्या कॉलेजात काय पद्धत आहे, हे पहिल्याच दिवशी अकाउंट्समध्ये विचारून घे. विचारायला संकोच वाटेल. तरी विचार.

आठवड्याला नऊ तासिका मिळाल्या असं धर. दर तासाला ९०० रुपये धर. मी यातली कितीतरी वर्षं ५०० रुपयांच्या दराने काढली आहेत, पण ते राहू दे. वर्षात शिकवण्याचे आठवडे साधारण ३०. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमातही पूर्णवेळ शिक्षकाचा कार्यभार मोजताना १८० दिवसांचे ३० आठवडेच धरलेले आहेत. नऊ, तीस आणि नऊशे यांचा गुणाकार २,४३,००० होतो. बाराने भागलं की महिन्याला २०,२५०. मिनिटं जोडणारं कॉलेज असेल तर तेच १६,२०० वर येतं. सातव्या वेतन आयोगात सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतनच ५७,७०० आहे, महागाई भत्ता आणि घरभाडं वेगळं. त्याला प्रत्यक्ष शिकवायचे तास आठवड्याला सोळा. तुला नऊ. तासांचं प्रमाण निम्म्याहून जास्त आणि पैशाचं प्रमाण निम्म्याहून बरंच कमी. शिवाय तोच अभ्यासक्रम, तीच मुलं, तीच सेट.

आणि हे पैसे दरमहा मिळतील या भ्रमात राहू नकोस. अनुदानित जागेवर असशील तर बिलं कॉलेजातून सहसंचालक कार्यालयात जातात, तिथून शंका काढून परत येतात, पुन्हा जातात. माझे जुलैचे पैसे एका वर्षी फेब्रुवारीत आले होते. मधले सात महिने स्कूटरमध्ये पेट्रोल कोणी घातलं? नवऱ्याने. आईने दिवाळीला दिलेल्या पाकिटाने. विनाअनुदानित शाखेवर असशील, बीबीए-बीसीए वगैरे, तर पैसे संस्था देते. ते वेळेवर येऊ शकतात, पण दर संस्था ठरवते. तुझी जागा नक्की कुठली, हे नेमणूकपत्रात लिहिलेलं आहे का बघ.

नेमणूकपत्रावरून आठवलं. रुजू होताना तुझ्याकडून बहुधा हमीपत्र घेतील. स्टॅम्पपेपरवर, की मी या नेमणुकीच्या आधारे कायम करण्याची मागणी करणार नाही. माझ्याकडून घेतलं होतं तेव्हा मी वाचलंसुद्धा नव्हतं. मागे रांग होती आणि क्लार्कने बोट ठेवलं तिथे सही करून मोकळी झाले. तू वाच. सही करावीच लागेल, मला माहीत आहे, पण सही करण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेव. मूळ प्रमाणपत्रं मात्र कुणाच्या ताब्यात देऊ नकोस. पडताळणीसाठी दाखव, साक्षांकित प्रती दे, मूळ त्याच दिवशी परत घे. "वर्ष संपेपर्यंत राहू द्या मॅडम" असं कुणी गोड बोलून म्हणालं तरी नाही म्हण. मधेच दुसरीकडे मुलाखत निघाली तर हात बांधलेले राहतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, मान्यता. तुझी निवड स्थानिक समितीने केली की विद्यापीठाच्या निवड समितीने, आणि विद्यापीठाची मान्यता या वर्षासाठी आली का, हे दरवर्षी विचार. मान्यतेच्या पत्राची प्रत मागून घे. मी ती चार वर्षं मागितली नाही. पुढे एका मुलाखतीला अनुभव दाखवायचा आला तेव्हा त्यातल्या दोन वर्षांचे प्रस्तावच गेले नव्हते असं कळलं. त्या दोन वर्षांत मी शिकवलेली मुलं आज बँकांत आणि कंपन्यांत नोकरी करतात, वाटेत भेटून पाया पडतात. कागदावर ती दोन वर्षं नाहीत.

बरं, कागदावर असलेली वर्षंही नीट मोजली जातात का? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीत आधीची सेवा धरण्याच्या अटी दिल्या आहेत. त्यातली एक वाचून मी त्या रात्री झोपू शकले नाही. हंगामी किंवा कंत्राटी सेवा बढतीसाठी धरायची तर त्या काळात तुमचं एकूण वेतन नियमित सहायक प्राध्यापकाच्या मासिक वेतनापेक्षा कमी नसावं, असं तिथे आहे. म्हणजे कमी पगार दिला हा आपल्यावरचा अन्याय, आणि कमी पगार घेतला म्हणून ती सेवा मोजायची नाही, हा त्याच अन्यायाचा दुसरा हप्ता. तिथेच असंही म्हटलं आहे की कंत्राटी नेमणुका अगदी गरज असेल तरच कराव्यात आणि एकूण जागांच्या दहा टक्क्यांपलीकडे नेऊ नयेत. तुझ्या विभागात सोमवारी नुसती नजर फिरव. खुर्च्या किती, त्यातल्या कायम माणसांच्या किती, ते तुला दिसेलच.

हे असं का झालं, तेही समजून घे. नाहीतर तुला वाटत राहील की आपणच कुठेतरी कमी पडलो. २०१७ साली शासनाने पदभरतीवर निर्बंध घातले. माणसं निवृत्त होत राहिली, जागा रिकाम्या राहिल्या, प्रवेश मात्र थांबले नाहीत. २०२१च्या नोव्हेंबरात २,०८८ सहायक प्राध्यापकांची पदं भरायला मान्यता मिळाली, तीही पूर्ण भरेपर्यंत किती खेपा आणि किती आंदोलनं. पुणे स्टेशनजवळच्या सेंट्रल बिल्डिंगपाशी, उच्च शिक्षण संचालनालयाच्या दारात नेट-सेट झालेली, पीएचडी झालेली मुलंमुली उन्हात बसलेली मी पाहिली आहेत. मीही त्यात बसले आहे. शेजारी नांदेडकडची एक मुलगी होती, मांडीवर डबा, डब्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, अर्धी भाकरी तिने मला दिली. ती पुण्यात कॉट बेसिसवर राहत होती आणि क्लॉक अवर बेसिसवर शिकवत होती. झोपायला खाटेपुरती जागा आणि कमवायला तासापुरती नोकरी.

पुण्यात तुला आणखी एक गोष्ट ऐकवली जाईल. दर शिक्षकदिनी कुणीतरी उभं राहून सांगतं की हे शहर त्यागावर उभं आहे. आगरकरांनी आईला लिहिलेलं पत्र, मोठ्या पगाराच्या नोकरीची आशा धरू नकोस, पोटापुरत्या पैशावर संतोष मानून बाकीचा वेळ लोकांसाठी देणार. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य, वीस वर्षांचं व्रत, गोखल्यांचे महिना ७५ रुपये. हे सगळं खरं आहे आणि मला त्याच्याबद्दल अतोनात आदर आहे. फर्ग्युसनच्या त्या जुन्या इमारतीसमोरून जाताना आजही माझी पावलं मंद होतात. पण अगं, त्या माणसांनी ते स्वतः निवडलं होतं. ते संस्थेचे चालक होते, निर्णयाला बसायचे, त्यांच्या मताला वजन होतं. आणि तिथेसुद्धा बाहेरची कामं आणि जादा मिळकत यावरून वाद झालेच. टिळक १८९० साली सोसायटीतून बाहेर पडले त्याच्या कारणांत हाही वाद होता. पैशाचा विषय त्यांनी हलका मानला नाही, भांडून बोलले, लेखी बोलले. मग तुझ्या-माझ्याकडून गप्प राहण्याची अपेक्षा का? ज्याला सभेत बसायला खुर्ची नाही त्याच्याकडून त्याग मागू नये, असं मला वाटतं.

बाईला तर हे दुप्पट ऐकावं लागतं. मुलाखतीत मला एका सरांनी विचारलं होतं, "मिस्टर काय करतात?" मी सांगितलं. ते म्हणाले, "मग काही प्रश्न नाही." माझ्या कामाची किंमत नवऱ्याच्या पगारावरून ठरली, आणि मी हसून मान डोलावली. त्या हसण्याचा मला अजून राग येतो. घरीही तेच असतं. सासरी माझ्या मानधनाला 'हातभार' म्हणतात. प्रेमानेच म्हणतात. पण हातभार म्हटलं की तो आला काय नि थकला काय, कुणाला घाई नसते. तू घरात पहिल्यापासून 'माझा पगार' म्हण. आणि बाळंतपणाचं आत्ताच सांगून ठेवते, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. लेक झाली तेव्हा मी एक सत्र घरी राहिले. परत गेले तर विभागप्रमुख म्हणाले, "मॅडम, तुमचा तासांचा लोड दुसऱ्यांना दिला." कुणी काढून टाकलं नव्हतं, फक्त नाव पुन्हा लिहिलं गेलं नव्हतं. कुठल्या वर्षी काय करायचं हे तुम्ही दोघं ठरवालच, मात्र ते ठरवताना ही गोष्ट माहीत असू दे.

त्रास देणारं कुणी भेटलं, अंगचटीला येणारं, संध्याकाळी 'लोडचं बोलायला' एकटीला बोलावणारं, तर एक लक्षात ठेव. २०१३च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात हंगामी, तात्पुरत्या, रोजंदारीच्या सगळ्या बायका येतात. अंतर्गत समिती तुझ्यासाठीही आहे. पुढच्या वर्षीची नेमणूक त्याच माणसाच्या हातात असते म्हणून आपण गप्प बसतो, हे मी जवळून पाहिलं आहे. पहिला फोन मला कर, मग आपण दोघी मिळून लिहू.

आता तास नोंदवायच्या वहीचं सांगते. कायम शिक्षकांचं मस्टर ऑफिसच्या काउंटरवर उघडं असतं. आपलं रजिस्टर वेगळं, लांबट, पुठ्ठा सुटलेला, आणि आमच्याकडे ते एका लोखंडी कपाटात असायचं. क्लार्क जेवायला गेला की कपाटाला कुलूप. दीडचा तास संपवून मी दुसऱ्या कॉलेजला धावायची. दुपारच्या गर्दीत कोथरूडहून हडपसर गाठायचं म्हणजे सही करायला थांबले तर तिकडचा तास गेला. एका महिन्यात बिलात माझे ३१ तास निघाले. मला वाटत होतं छत्तीस असावेत, पण वाटण्याला किंमत नसते. नशिबाने त्या वर्षीपासून मी पिशवीत एक छोटी वही ठेवायला लागले होते: तारीख, वर्ग, वेळ, काय शिकवलं, किती मुलं होती. ती घेऊन प्राचार्यांसमोर उभी राहिले. त्यांनी वही वाचली, वर्गाची हजेरी मागवली, एकेक तारीख ताडून पाहिली. तीन तास मान्य केले. दोन गेले, कारण त्या दिवशी हजेरी घ्यायचीच मी विसरले होते. पैसे फार नव्हते. पण त्या दिवसानंतर ऑफिसात माझं रजिस्टर काउंटरवर यायला लागलं.

त्या वहीच्या मागच्या पानांवर बिनपैशाचं कामही लिही. सुपरव्हिजन, अंतर्गत परीक्षेचे पेपर, स्नेहसंमेलनाची समिती, प्रवेशाच्या दिवसांतला मदत कक्ष. आणि नॅक, म्हणजे कॉलेजचं मूल्यांकन. एका दिवाळीच्या सुट्टीत मी तेवीस दिवस नॅकच्या फायली लावत बसले होते. सात निकष, प्रत्येकाचे पुरावे, पाच वर्षांचे फोटो तारखेनिशी. समिती आली त्या दिवशी सगळ्यांनी एका रंगाच्या साड्या नेसायच्या होत्या. साडी मी स्वतःच्या पैशाने घेतली. त्या तेवीस दिवसांचं मानधन शून्य, कारण तासिका झाल्या नव्हत्या. आज मला कुणी तसं काम सांगितलं तर मी नाही म्हणत नाही, पण विचारते, "सर, याचे तास कसे धरायचे?" दोनदा उत्तर मिळालं नाही, तिसऱ्यांदा काही तास धरले. तू हे वाक्य पाठ कर. आवाज न चढवता, वहीत पेन टेकवून विचार.

बिल अडकलं तर नुसते हेलपाटे घालू नकोस. माहितीच्या अधिकारात अर्ज कर, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. माझं बिल कुठल्या टेबलावर कुठल्या तारखेपासून आहे, एवढंच विचार. एकटीने करायला भीती वाटते, म्हणून चार-पाच जणींनी मिळून कर. टीडीएस कापला असेल तर फॉर्म २६ एएस बघ आणि रिटर्न भर. आपलं उत्पन्न इतकं कमी आहे की ते पैसे परत मिळायला हवेत, आणि आपल्यातल्या कितीतरी जणी ते तसेच सोडून देतात.

वरच्या पातळीवर काही हलतंय का, असं तू विचारलंस. थोडं हलतंय. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९च्या जानेवारीत अतिथी शिक्षकांसाठी तासाला १,५०० आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० असं ठरवलं. आपल्याकडचे दर आणि तो आकडा यांतलं अंतर तुला आता कळलंच असेल. २०२५च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधल्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांच्या बाजूने निकाल दिला. त्यांना महिना ३०,००० मिळत होते. न्यायालयाने त्या पदाच्या वेतनश्रेणीतलं किमान वेतन थकबाकीसह द्यायला सांगितलं, आणि समारंभांत गुरूला ब्रह्मा-विष्णू म्हणत राहणं पुरेसं नाही अशा अर्थाचं खडसावलंही. ती बातमी मी स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचून दाखवली. सगळे गप्प झाले होते. ते लोक पूर्णवेळ कंत्राटावर होते, आपण तासावर, त्यामुळे तो निकाल उद्या आपल्याला लागू होईल असं समजून चालू नकोस. पण समान कामाला समान वेतन ही मागणी आपण करतो तेव्हा आपण काही आगाऊपणा करत नाही, एवढं त्यावरून नक्की समजावं.

एक कठीण गोष्ट राहिली. स्वतःला मुदत घालून घे. मी घातली नव्हती. दरवर्षी जूनमध्ये वाटायचं, यंदा जाहिरात निघेल. निघालीही, पण काही ठिकाणी कायम जागेसाठी मधल्या माणसाने लाखांत आकडे कानात सांगितले, आणि मी उठून आले. ते पैसे देऊ नकोस. घर गहाण टाकून, बाबांचा प्रॉव्हिडंट फंड मोडून मिळवलेल्या खुर्चीत बसून तू मुलांना काय शिकवणार? त्यापेक्षा चार किंवा पाच वर्षं ठरव. तोवर पीएचडी संपव, चांगले शोधनिबंध लिही, मुलाखती दे. मुदत संपली की दुसरं काही बघायला लाज वाटू देऊ नकोस. माझ्याबरोबरची एक जण पाठ्यपुस्तकांच्या संपादनात गेली, एक जण बँकेत. दोघीही उत्तम शिक्षिका होत्या, अजून आहेत.

आणि मी या नोकरीत का टिकून राहिले, असं तू विचारशीलच. तृतीय वर्षाच्या वर्गात एक मुलगा होता, मागच्या बाकावर, सकाळी दुधाच्या पिशव्या टाकून यायचा. मागणीचा नियम शिकवत होते. त्याने हात वर केला आणि म्हणाला, "मॅडम, दूध दोन रुपयांनी वाढलं तरी आमच्या सोसायटीत पिशव्या तेवढ्याच जातात, मग हा नियम कुठे गेला?" त्या दिवशी लवचिकता शिकवायला मला पुस्तक उघडावं लागलं नाही. वर्गातली साठ मुलं त्याच्याकडे वळून बघत होती. अशा तासाचे पैसे कुणी कितीही दिले तरी कमीच, आणि म्हणूनच जे ठरले आहेत ते पूर्ण घ्यायचे.

तुझ्यासाठी तशीच एक वही आणली आहे, निळ्या कव्हरची, पिशवीच्या पुढच्या कप्प्यात बसेल अशी. पहिल्या पानावर रकाने आखून दिले आहेत. रविवारी संध्याकाळी घेऊन जा, जेवायलाच ये. सोमवारी पहिला तास झाला की फोन कर. मी दोनपर्यंत मोकळी आहे, अडीचला हडपसरला माझा तास असतो.